मॉर्मन मिशनरी मुलं: यांचा आठवडा नक्की जातो कसा? (आणि जेवायला काय करू?)

मृद्गंधा

नमस्कार मंडळी. आम्ही मागच्या वर्षी ॲरिझोनात चँडलरला राहायला आलो, फिनिक्सच्या जरा खाली. आल्यापासून पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळा बिल्ला आणि डोक्यावर हेल्मेट अशी दोन पोरं सायकलवरून फिरताना दिसायची. मॉर्मन चर्चचे (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) मिशनरी, म्हणजे धर्मप्रचारक. एकदा दारात आले तेव्हा मी ठरलेलं वाक्य टाकलं, आम्ही हिंदू आहोत, नको, थँक्यू. हसून गेले बिचारे.

मग जूनमध्ये सोफा आला. डिलिव्हरीवाला गॅरेजच्या तोंडाशी टाकून पसार, आणि नवरा आणि मी तो दाराच्या चौकटीत असा काही अडकवून बसलो की ना आत ना बाहेर. ही दोघं तेवढ्यात समोरून चालली होती, सायकली लॉनवर आडव्या टाकून धावत आली, एकाने खाली बसून सोफ्याचे पाय फिरवून काढले, दुसऱ्याने तिरका केला आणि गेला की आत! बाहेर भट्टी पेटलेली आणि यांचे टाय गळ्यात तसेच. चहा विचारला, नको. कॉफी, नको. पाणी मात्र तीन तीन ग्लास प्यायले आणि बाटल्या भरून घेतल्या.

त्यानंतर एका दुपारी परत आले, सोफा नीट बसला का विचारायला. मी घरी एकटी होते. आत या म्हटलं तर आलेच नाहीत, उन्हात ओट्यावरच उभे, साहेब घरी असताना येतो म्हणाले. मला जरा विचित्रच वाटलं.

वय असेल अठरा-एकोणीस. माझा भाचा त्याच वयाचा आहे आणि त्याला उठवायला ताईला अजून पंखा बंद करावा लागतो. तर प्रश्न असे की जेवायला बोलवायचंय तर काय चालतं, आणि ही मुलं दिवसभर, आठवडाभर करतात तरी काय? धर्मांतरावर चर्चा नको प्लीज (होणार आहे हे माहिती आहे).

खवचट_बोका

पहिला प्रतिसाद माझा आहे म्हणजे होणारच :) बोलवा की जेवायला, पण मठ्ठा संपायच्या आत सॅकमधून त्यांचं धर्माचं पुस्तक निघतं की नाही बघा. बाकी हे ते चार बायकावालेच ना?

लीहायकर

बोकोबा, त्या बायका चर्चने 1890 मध्ये अधिकृतपणे बंद केल्या. आता कोणी केल्या तर चर्चमधून काढून टाकतात. जे अजून करतात ते वेगळे फुटून निघालेले गट, त्यांच्यावरच टीव्हीवर मालिका निघतात आणि इथले लोक त्यामुळे वैतागलेले असतात.

मृद्गंधाताई, मी युटामध्ये लीहायला राहतो, सॉल्ट लेक सिटी आणि प्रोव्होच्या मधे. आमच्या गल्लीत आम्ही आणि एक चिनी कुटुंब सोडलं तर सगळे मॉर्मन, त्यामुळे दर वर्षी कोणाचं ना कोणाचं पोरगं मिशनवर निघालेलं असतं. शेजारच्यांचा मधला मुलगा सध्या ब्राझीलमध्ये आहे, दर सोमवारी त्याचं पत्र येतं आणि त्याची आई अख्ख्या गल्लीला फॉरवर्ड करते. त्यावरून सांगतो.

मुलं दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. 2012 मध्ये मुलांचं किमान वय 19 वरून 18 केलं आणि मुलींचं 21 वरून 19 (2025 मध्ये त्यांचंही 18 झालं), तेव्हापासून बारावी झाली की निघालेच. कुठे जायचं हे आपण निवडायचं नाही, अर्ज करायचा आणि सॉल्ट लेकहून पत्र येतं. हल्ली ऑनलाइन येतं पण उघडायचा सोहळा तोच, सगळे नातेवाईक जमतात, भिंतीवर जगाचा नकाशा लावून कोण कुठे पाठवणार यावर अंदाज लावतात. या पोराला ब्राझील निघालं, पण व्हिसा लटकला म्हणून आधी काही महिने टेक्सासमध्ये काढावे लागले. तिथे सगळं पोर्तुगीज विसरला असं त्याचंच पत्र होतं.

आता आठवडा. सोमवार हा यांचा रविवार समजा. त्याला तयारीचा दिवस म्हणतात, सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत. त्यात कपडे धुणं, किराणा, केस कापणं, खोली झाडणं, घरी पत्र आणि फोन, आणि वेळ उरलाच तर बास्केटबॉल. पोहायचं नाही, सिनेमा नाही, टीव्ही नाही, गर्लफ्रेंड नाही. सहा वाजले की परत टाय. ब्राझीलमधल्या खोलीत मशीन नाही म्हणून तो सिमेंटच्या टाकीवर ब्रशने शर्टाच्या कॉलरी घासतो, त्याचा व्हिडिओ आईने दाखवला. या घरात असताना या मुलाने स्वतःची बशी विसळलेली मी बघितली नव्हती!

मंगळवार ते शनिवार साधारण एकच साचा. साडेसहाला उठणं, अर्धा तास व्यायाम, नाश्ता, मग एकट्याने वाचन, मग जोडीदाराबरोबर वाचन, परदेशात असतील तर भाषेचा अभ्यास, आणि दहाच्या सुमारास बाहेर. रात्री नवाच्या आसपास घरी, दुसऱ्या दिवसाचं प्लॅनिंग, साडेदहाला दिवे बंद. आता वेळांमध्ये थोडी सवलत आहे पण सांगाडा हाच. आठवड्यात एकदा आसपासच्या चार-सहा मिशनऱ्यांची मीटिंग, एकदा अख्ख्या आठवड्याचं प्लॅनिंग, आणि काही तास लोकांना मदत करण्यासाठी राखलेले. तुमचा सोफा त्यात बसला बहुतेक :) रविवारी दोन तास चर्च, आणि रात्री आठवड्याचा हिशोब वरती कळवायचा. किती जणांना शिकवलं, किती जण चर्चला आले, किती जणांची बाप्तिस्म्याची तारीख ठरली.

आणि त्या दुपारी आत का नाही आले तर तो नियमच आहे. घरात बाई एकटी असेल तर दोन मुलांनी आत जायचं नाही, दुसरा मोठा पुरुष हवा. तुमच्यासाठी आणि त्यांच्यासाठीही बरंच आहे ते.

कोकणकन्या

चहा-कॉफी त्यांच्यात वर्ज्य, दारू-तंबाखूही. ग्रीन टी पण नको, 2019 मध्ये चर्चने तेही स्पष्ट सांगून टाकलं. पण गंमत म्हणजे कोकाकोला चालतो आणि युटामध्ये तर सोड्यात सिरप आणि क्रीम घालून विकणारी दुकानं गल्लोगल्ली. तू सरळ कोकम सरबत कर, ॲरिझोनाच्या उन्हात त्याच्यासारखं काही नाही. मांस-मच्छी सगळं खातात, सोवळं-ओवळं काही नाही. तिखट बेताचं ठेव. आणि जास्त कर, ती वयं म्हणजे नुसती भूक. फक्त महिन्याचा पहिला रविवार टाळ, त्या दिवशी त्यांचा उपास असतो, दोन वेळचं जेवत नाहीत, पाणी पण नाही.

मृद्गंधा

@लीहायकर खूपच छान माहिती, धन्यवाद! पण एक कळलं नाही, जोडीदार जोडीदार म्हणताय तर ते मित्र असतात का आधीचे? कारण आमच्याकडे येणाऱ्या दोघांचं एकमेकांशी फारसं पटत असेल असं वाटत नाही. एक बडबड्या आहे आणि दुसरा भिंतीकडे बघत असतो.

अबोली

यावर मी लिहिते, माझ्या लॅबमधली एक मुलगी तैवानमध्ये मिशन करून आलेली आहे. जोडीदार वरून ठरवून देतात, ओळखपाळख काही नसते. आणि ताई, ते जोडीदार प्रकरण म्हणजे चोवीस तास! अक्षरशः. एका खोलीत झोपायचं, एकत्र जेवायचं, एकत्र फिरायचं, कायम एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं. बाथरूम सोडून एकटं राहायची सोय नाही. पत्र लिहायला बसलीस तरी दुसरी शेजारी. पटलं तर उत्तम, नाही पटलं तरी तेच. साधारण सहा आठवड्यांनी बदल्या होतात, कधी जोडीदार बदलतो, कधी गाव, कधी दोन्ही आणि कधी काहीच नाही. तिची एक जोडीदारीण रोज पहाटे नाक शिंकरायची मोठ्याने, आणि ही म्हणे मनातल्या मनात कॅलेंडरवर खुणा करायची.

मी तिला विचारलं, सगळ्यात कठीण काय, लोक तोंडावर दार आपटतात ते का? तर म्हणाली नाही, त्याची आठ दिवसात सवय होते. कठीण म्हणजे रडायला सुद्धा जागा नाही. रडायचं तर फक्त शॉवरमध्ये. दहा मिनिटं एकटीने रस्त्यावरून चालावं असं तिला इतकं वाटायचं की परत आल्यावर पहिले काही दिवस ती नुसती चालायला बाहेर पडायची, आणि मजा म्हणजे दर वेळी मागे वळून बघायची की दुसरी कुठे राहिली. एकीकडे एकांत नाही आणि दुसरीकडे भयंकर एकटेपणा, हे दोन्ही एकदम. तो भिंतीकडे बघणारा मुलगा नवीन असेल बहुतेक. पहिल्या जोडीत एक अनुभवी आणि एक नवखा लावतात.

नास्तिक_नारायण

सगळं गोड गोड चाललंय म्हणून मी जरा मीठ टाकतो. ही मुलं फुकट राबतात, नुसती फुकट नाही तर पदरचे पैसे भरून. अमेरिकेतल्या घरांना महिना 400 डॉलर भरावे लागायचे, जुलै 2020 पासून 500. दोन वर्षांचे किती झाले करा हिशोब. आणि चर्च काय गरीब आहे? सभासदांकडून उत्पन्नाचा दहावा हिस्सा घेतात, त्यांच्या गुंतवणूक कंपनीने शेअर्सची मालकी वेगवेगळ्या शेल (नुसत्या कागदावरच्या) कंपन्यांच्या नावाने दाखवली म्हणून 2023 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने कंपनीला चाळीस लाख आणि चर्चला दहा लाख डॉलर दंड लावला. ज्यांच्याकडे एवढं पडलंय त्यांनी अठरा वर्षाच्या पोराकडून जेवणाचे पैसे का घ्यावेत? शिवाय काळ्या पुरुषांना 1978 पर्यंत यांच्यात पुरोहितपद मिळत नव्हतं. हे सगळं ती दारात आलेली पोरं सांगत नाहीत.

लीहायकर

नारायणराव, तुमचे आकडे बरोबर आहेत, नाकारत नाही. फक्त एक भर घालतो. ते पैसे अमेरिकेतून जाणारा प्रत्येक जण एका सामाईक खात्यात सारखेच भरतो, मग टोकियोत महाग पडो की बोलिव्हियात स्वस्त. त्यातून घरभाडं वगैरे जातं आणि पोराच्या हातात जेवणखाण-साबणापुरते थोडे मिळतात. महिनाअखेरीला नूडल्स उकळून खाणं ही सगळ्यांच्या पत्रातली कॉमन गोष्ट. म्हणूनच कोणी जेवायला बोलावलं की त्यांची दिवाळी.

दबावाबद्दल म्हणाल तर आहेच. आमच्या इथे मुलगा मिशनला गेला नाही तर लोक थेट बोलत नाहीत पण चौकशा सुरू होतात. त्याहून वाईट म्हणजे गेला आणि मधूनच परत आला तर. कोपऱ्यावरच्या घरातला एक मुलगा चार महिन्यात परत आला, तब्येतीचं कारण होतं, झोप उडाली होती त्याची. त्याच्या आईने पडदे लावून घेतले होते काही आठवडे. मी मुद्दाम त्याला आमच्या कारचं ऑइल बदलायला मदतीला बोलवायचो, तेवढंच बाहेर निघणं. आता बरा आहे, कॉलेजला जातो.

सॉल्टलेकची_सून

बरेच दिवस वाचनमात्र होते पण या धाग्यावर लिहिणं भाग आहे. माझा नवरा याच समाजातला, मी नाशिकची, मी बाप्तिस्मा घेतलेला नाही आणि घेणारही नाही, सासरी हे सगळ्यांना माहिती आहे, चाललंय आमचं. नवरा मिशनला युक्रेनमध्ये होता. त्याच्या वेळी घरी फोन वर्षातून दोनदा. ख्रिसमस आणि मदर्स डे, बस. बाकी आठवड्याला एक ईमेल. सासूबाई सांगतात की मदर्स डेला फोन आला की पहिली काही मिनिटं तो इंग्लिश शब्द शोधत बसायचा आणि त्या नुसत्या ऐकत बसायच्या, आणि फोन ठेवला की पुढचा सात महिन्यांनी. फेब्रुवारी 2019 मध्ये नियम बदलला, आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता येतो. सासूबाई पहिल्यांदा खूष झाल्या आणि मग चक्क चिडल्या, म्हणाल्या माझ्याच वेळी काय धाड भरली होती यांना!

नारायण यांनी जे लिहिलं त्यावर नवऱ्याशी माझीही कडाक्याची भांडणं झालेली आहेत. पण एक सांगते. तो माणूस आज कुठल्याही अनोळखी माणसाशी बोलू शकतो, नाही ऐकून घेऊ शकतो आणि तोंड वाकडं न करता पुढच्या दारात जाऊ शकतो. इथल्या कंपन्या सेल्ससाठी या पोरांना उगाच नाही उचलत. अमेरिकेतला राजकारणी मिट रॉम्नीसुद्धा साठच्या दशकात फ्रान्समध्ये मिशनवर होता, आता वाइन पिणाऱ्या देशात जाऊन वाइन सोडा सांगायचं म्हणजे विचार करा रोज किती नकार खाल्ले असतील.

आणि पुस्तक निघेल का, तर हो, निघेल. त्यांचं कामच ते आहे. आधीच प्रेमाने सांगायचं की जेवायला या, गप्पा मारू, प्रार्थना म्हणायची असेल तर म्हणा, पण आम्हाला धडे नकोत. ऐकतात. आणि तुमचं घर फलदायी नाही हे कळलं की फेऱ्या हळूहळू कमी होतील त्याचं वाईट वाटून घेऊ नका, त्यांनाही आठवड्याचा हिशोब द्यायचा असतो.

खवचट_बोका

सूनबाईंनी बोलती बंद केली. पण पुण्या-मुंबईत हे कधी दिसले नाहीत ते?

इतिहासाचा_किडा

दिसले होते की, फक्त तुम्ही जन्माला यायचे होता. 1852 मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात पण गेला, छोटीशी शाखा काढली तिथे. पेशवाई जाऊन चौतीसच वर्षं झालेली, आणि मुंबई-ठाणे रेल्वे पण अजून सुरू व्हायची होती. श्रोते म्हणजे मुख्यतः गोरे शिपाई आणि इतर युरोपियन. पाद्री विरोधात, लष्करी अधिकारी विरोधात, वर्तमानपत्रं विरोधात. त्यातून 1852 च्या ऑगस्टमध्येच सॉल्ट लेकच्या एका सभेत अनेक पत्नींची प्रथा जाहीरपणे मान्य केली गेली, आणि त्याच सभेत हिंदुस्थानात आणि सयामला (आताच्या थायलंडला) जायला मिशनरी नेमले. ते तेरा जण सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजाने 1853 मध्ये कलकत्त्याला पोचले, त्यांच्याबरोबरच ती बायकांची बातमीही पोचली. पुढची काय कथा, दोन-तीन वर्षात एकेक जण परत. तेव्हा या मंडळींना महिन्याला पैसे वगैरे काही नसायचे, कोणी खायला घातलं तर जेवायचं.

भारतात मिशन नीट सुरू झालं 1993 मध्ये, बंगलोरहून. तिथे त्यांच्या देवळाचंही 2020 च्या डिसेंबरमध्ये भूमिपूजन झालं. आपल्याकडे फिरणारे मिशनरी बरेचसे भारतीयच असतात, आंध्र-तामिळनाडूकडचे, त्यामुळे गोरा पोरगा टायमध्ये बघायची तुमची हौस राहून गेली.

अबोली

पेशवाईनंतर चौतीस वर्षांनी पुण्यात जाऊन दुपारी एक ते चार कोणाचं दार वाजवलं असेल तर शाखा बंद पडायला तेवढं कारण पुरेसं आहे.

इतिहासाचा_किडा

😂😂 हे फुटनोटमध्ये टाकायला हवं.

मृद्गंधा

अपडेट! झालं जेवण एकदाचं. नवरा घरी असेल असा गुरुवार ठरवला. साडेपाचला येतो म्हणाले आणि साडेपाचला बेल. यावेळी सायकली नव्हत्या, गाडी मिळाली होती काही दिवस. कोकम सरबत, मसालेभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या, काकडीची कोशिंबीर आणि श्रीखंड. कोकणकन्या, तुझं ऐकलं आणि दुप्पट केलं म्हणून वाचले. बडबड्याने पुऱ्या मोजायचं मी सोडून दिलं. तो आयडाहोचा आहे, बटाट्याच्या शेतावर वाढलेला, आणि भाजी खाऊन म्हणतो आमच्याकडे एवढे बटाटे पिकतात पण असं काही कोणी करत नाही. मोहरी काय आहे ते बघायला डबाच मागितला त्याने, दोन दाणे दाताखाली फोडून बघितले.

तो गप्प मुलगा, अबोली म्हणाली तसं, खरंच नवखा निघाला. टोंगाचा (पॅसिफिकमधला बेटांचा देश) आहे! इंग्लिश जेमतेम आहे म्हणून गप्प, नाराज वगैरे काही नाही. टोंगामध्ये म्हणे यांचे खूपच लोक आहेत. नवऱ्याने त्याला रग्बीचं विचारलं मात्र, जो सुटला तो सुटला, हातवारे करून मॅच सांगत होता आणि आयडाहोवाला तोंड उघडं ठेवून बघतोय, कारण त्याने पण त्याला इतकं बोलताना ऐकलेलं नव्हतं. एकाच खोलीत राहतात दोघं!

जेवणाआधी त्यांनी विचारून छोटी प्रार्थना म्हटली. माझ्या मुलीने मग वदनि कवळ घेता म्हणून दाखवलं, ते ऐकून दोघांनी परत हात जोडले. धडे नकोत हे मी फोनवरच सांगितलं होतं, पुस्तक निघालं नाही (बोका, पार्टी दे). तासाभरात उठले, भांडी घासू का विचारलं, मी नको म्हटलं तरी टेबल पुसून गेले.

निघताना एक पाहिलं ते सांगायचंच होतं. गाडी रिव्हर्स घ्यायची तर आयडाहोवाला स्टिअरिंगवर बसला आणि टोंगावाला उतरून मागे उभा राहिला, हात हलवत. ड्राइव्हवे अख्खा रिकामा, गल्लीत चिटपाखरू नाही, तरी तो पूर्ण मागे येईपर्यंत रस्त्यात उभा.

लीहायकर

तो पण नियम :) रिव्हर्स घेताना दुसऱ्याने उतरून मागे उभं राहायचंच. गाडीत एक यंत्र पण असतं, वेग वाढवला की बोलतं आणि वर कळवतं. महिन्याचे मैलसुद्धा ठरलेले, संपले की सायकल. म्हणून महिन्याच्या शेवटी तुम्हाला सायकलीच दिसतील.

नास्तिक_नारायण

मृद्गंधा, अपडेट छान. माझं मत बदललेलं नाही. पण ती मुलं वेगळी आणि संस्था वेगळी हे मान्य. टोंगावाल्याला परत बोलवाल तेव्हा माझ्याकडून एक पुरी जास्त वाढा.

मृद्गंधा

@नारायण नक्की वाढली असती, पण काल मेसेज आला, टोंगावाल्याची बदली झाली, टुसानकडे कुठेतरी. आयडाहोवाला इथेच आहे, नवा जोडीदार आला की घेऊन येतो म्हणालाय, आणि मोहरी कुठल्या दुकानात मिळते ते विचारलंय, आईला लिहून पाठवायचंय म्हणे सोमवारी.

कोकणकन्या

मोहरीबरोबर हिंग पण सांग. आणि फोडणीत मोहरी तडतडली की झाकण ठेवायचं हे त्याच्या आईला आधी कळव, नाहीतर तिकडे स्मोक अलार्म वाजेल.